नोटिफिकेशन्स बंद केली तरी हात फोनकडे जातोच, पुढे काय?

सांजवारा
गेल्या महिन्यात एका रविवारी बसून फोनमधली सगळी नोटिफिकेशन्स बंद करून टाकली. त्याच्या आदल्या दिवशी एक उद्योग केला होता. वही शेजारी ठेवली आणि फोन वाजला की एक रेघ. माणसाने मला उद्देशून काही पाठवलं असेल तर उजवीकडे, बाकी सगळं डावीकडे. रात्री मोजलं तर डावीकडे ५३ आणि उजवीकडे ११. त्या ५३ मध्ये काय होतं म्हणाल तर 'अमुकने बऱ्याच दिवसांनी फोटो टाकला', 'तुम्ही हिला ओळखत असाल', 'तुमच्यासाठी खास निवडलेलं', 'बघा तुम्ही नसताना काय काय झालं'. यातलं एकही कुणाला माझी आठवण झाली म्हणून आलेलं नव्हतं. मशीनने ठरवलं की ही बाई दोन तास झाले इकडे फिरकली नाही, टोचा तिला.

इतका राग आला की सगळंच बंद. पहिले दोन दिवस फार छान गेले. आणि मग लक्षात आलं की मी आता आधीपेक्षा जास्त वेळा फोन उघडतेय! आधी तो हाक मारायचा, आता मीच जाऊन त्याच्या दारात उभी राहते, काही आलं तर नाही ना बघायला. परवा लेक शाळेतली एक गोष्ट सांगत होती, फोन वाजला नव्हता, काही झालं नव्हतं, तरी माझा हात टेबलावरच्या फोनकडे गेला आणि ती मधेच थांबली. 'सांग ना पुढे' म्हटलं तर म्हणाली 'नंतर सांगते, तुझं होऊ दे'. माझं काय व्हायचं होतं, काहीच नव्हतं. ते वाक्य मनातून जात नाहीये.

तर नुसतं बंद करणं हा उपाय नसेल तर काय करायचं? तुम्ही काय केलंत, त्यातलं काय टिकलं आणि काय आठवड्यात गळून पडलं ते लिहा प्लीज.

मधली_सुट्टी
अगदी हेच. वाचतेय, रुमाल टाकून ठेवते.

खटपट्या
मला हा सगळा दोष फोनवर ढकलण्याचा प्रकार पटत नाही. फोन ही वस्तू आहे. हातोडी आपणहून उडी मारून कुणाच्या हातात येत नाही. माझाही फोन दिवसभर वाजतो, मी बघत नाही. वाजू दे की, बघायचं नाही एवढं साधं आहे. मनाचा निग्रह करायला शिकलं पाहिजे आणि मुलांनाही तेच शिकवलं पाहिजे, नाहीतर उद्या दुसरं काहीतरी येईल आणि आपण त्याला दोष देत बसू.

गवतफूल
खटपट्या, वाजू दे आणि बघायचं नाही हे ऐकायला सोपं आहे पण नुसतं वाजण्यानेही काम बिघडतं. २०१५ मध्ये स्टोथार्ट आणि सहकाऱ्यांनी यावर प्रयोग केलाय. लोकांना लक्ष लागेल असं काम दिलं आणि मधेच काहींच्या फोनवर कॉल किंवा मेसेज पाठवले. लोकांनी फोनला हातही लावला नाही तरी चुका वाढल्या. म्हणजे बघितलं नाही म्हणून सुटलो असं होत नाही, मन तेवढ्यात जाऊन आलेलं असतं, कोण असेल, काय असेल.

अर्धविराम
हातोडीचं उदाहरण मलाही पटलं नाही, आणि का ते जरा लांबण लावून सांगतो कारण काही वर्षं मी हेच काम केलंय. कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच चालतं.

हातोडी विकणारा हातोडी विकली की मोकळा होतो. ॲपवाल्याची कमाई तुम्ही किती वेळा येता आणि किती वेळ थांबता यावर असते. आमच्याकडे रोज सकाळी पहिलं काम म्हणजे काल किती लोक आले तो आकडा बघणे. आकडा घसरला की सगळ्यांच्या डोक्यात पहिली गोष्ट नोटिफिकेशन, कारण ते पाठवायला खर्च जवळपास नाहीच. मग एकाच निरोपाची तीन-चार वाक्यं लिहायची, थोड्या थोड्या लोकांना वेगवेगळी पाठवायची आणि ज्याच्यावर जास्त बोटं पडली ते वाक्य सगळ्यांना. हे रोज, वर्षानुवर्षं. तिथे कुणी दुष्ट माणूस बसलेला नसतो, माझ्यासारखे पगारदार असतात, पण शेवटी जे वाक्य उरतं ते लाखो लोकांच्या निग्रहावर घासून धार लावलेलं असतं. एकट्या माणसाला मन घट्ट कर म्हणून सांगणं मला म्हणूनच अन्यायाचं वाटतं.

अजून एक गोष्ट, जी बाहेरच्यांना दिसत नाही. नोटिफिकेशनवर बोट पडलं की पाच मिनिटांत आमच्या तक्त्यात दिसायचं. वैतागलेला माणूस मात्र दोन महिन्यांनी गुपचूप सगळं बंद करतो आणि तो नक्की कुठल्या नोटिफिकेशनमुळे गेला हे कुणालाच कळत नाही. फायदा लगेच दिसतो, नुकसान दिसतच नाही, मग मीटिंगमध्ये 'कमी पाठवूया' म्हणणाऱ्याकडे दाखवायला काही नसतं. मी दोनदा म्हणून बघितलं. तिसऱ्यांदा म्हणायच्या ऐवजी नोकरी बदलली.

ज्यांनी या गोष्टी बनवल्या त्यातलेही काही जण आता उघड बोलतात. न संपणारं स्क्रोल २००६ च्या सुमारास आझा रास्किनने बनवलं, त्याला त्याची खंत आहे. बोटाने खाली ओढलं की ताजं होतं ती पद्धत लोरेन ब्रिक्टरची, त्यानेही पुढे हळहळ व्यक्त केलीय. आणि तो लाल ठिपका! गूगलमध्ये काम केलेला ट्रिस्टन हॅरिस सांगतो की फेसबुकवर तो सुरुवातीला निळा होता, बाकीच्या पानाला शोभेलसा, पण लोक त्याच्याकडे लक्षच देईनात, म्हणून लाल केला.

ढगांची_शाळा
लाल रंगाबद्दल +१. माझ्या फोनवर आवाज सगळे बंद आहेत पण ते लाल आकडे आहेतच, आणि ते शून्यावर आणल्याशिवाय मला चैन पडत नाही. उघडते, आत काही नसतं, आकडा जातो, बंद करते. दिवसातून किती वेळा हे केलं तर सांगता येणार नाही.

पाऊलखूण
सांजवारा, हे तुम्हीही तपासा. आवाज बंद करणं आणि नोटिफिकेशन बंद करणं आणि चिन्हावरचा ठिपका बंद करणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. बऱ्याच फोनमध्ये ठिपक्याचं बटण वेगळ्या ठिकाणी असतं.

दुसरं म्हणजे एकदम सगळं बंद करण्यापेक्षा निवडून बंद करा. अँड्रॉइडवर २०१७ च्या आठव्या आवृत्तीपासून एकाच ॲपच्या नोटिफिकेशन्सचे प्रकार वेगवेगळे पाडता येतात. आलेल्या नोटिफिकेशनवर बोट दाबून धरलं की तो प्रकार दिसतो, तेवढाच बंद करायचा. थेट मेसेज चालू, 'तुमच्यासाठी सुचवलेलं' बंद. आयफोनवर २०२१ पासून म्हणजे आयओएस १५ पासून ठरलेल्या वेळी सगळ्यांचा एकत्र गठ्ठा मिळायची सोय आहे. आणि अँड्रॉइड १३ पासून नवीन ॲप टाकलं की ते आधी परवानगी विचारतं, तिथे विचार न करता 'हो' दाबू नका. निम्मी लढाई तिथेच आहे.

गवतफूल
काही ॲप तर लबाडी करतात. सगळ्या प्रकारांना एकच नाव देऊन ठेवतात, 'सर्वसाधारण'. म्हणजे जाहिरात बंद करायची तर मैत्रिणीचा मेसेजही बंद होतो.

अर्धविराम
ते चुकून होत नाही. एवढंच लिहितो.

कवडसा
आणि ते 'आता नको' बटण! 'नोटिफिकेशन्स चालू करायची का?' खाली दोनच पर्याय, 'हो' आणि 'आता नको'. 'कधीच नको' कुठेच नाही. म्हणजे मी नाही म्हटलेलं त्यांना ऐकूच येत नाही, पुढच्या आठवड्यात पुन्हा दारात हजर. प्रत्यक्षात एखादा माणूस असा वागला तर त्याला आपण काय म्हणू?

मधली_सुट्टी
त्याला दारातूनच वाटेला लावू :)

रानजाई
चर्चा छान चाललीय. मी मानसशास्त्र शिकवते म्हणून मूळ प्रश्नाबद्दल लिहिते, कारण सांजवाराताईंचा अनुभव मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, त्याकडे सल्ला देणारे सहसा बघत नाहीत.

स्किनर या मानसशास्त्रज्ञाचे कबुतरांवरचे प्रयोग बहुतेकांना ऐकून माहीत असतील. दर टोचीला दाणा मिळाला तर कबूतर पोट भरल्यावर थांबतं. कधी तिसऱ्या टोचीला, कधी विसाव्या टोचीला मिळाला तर टोचतच राहतं. फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ मध्ये यावर जाडजूड ग्रंथ काढला. फोनबद्दल बोलताना सगळे जुगाराच्या मशीनचं उदाहरण देतात आणि फीड खाली ओढून ओढून बघण्याला ते लागूही पडतं. पण ताईंचं थोडं वेगळं आहे. जुगारात जितक्या वेळा दांडी ओढाल तितक्या वेळा शक्यता असते. मेसेजचं तसं नाही, तुम्ही दहा वेळा उघडलंत म्हणून कुणाचा मेसेज लवकर येत नाही, तो त्याच्या वेळेला येतो, फक्त ती वेळ आपल्याला ठाऊक नसते. अशा परिस्थितीत प्राणी काय करतो तर घाई न करता, पण थकतही नाही असा, सतत तपासत राहतो. कबूतर करतं, उंदीर करतो, आपणही करतो. आधी घंटा होती म्हणून तपासायची गरज पडत नव्हती. ताईंनी घंटा काढली आणि दाणा तिथेच ठेवला.

आणि हे नुसतं माझं म्हणणं नाही. २०१९ मध्ये निकोलस फिट्झ आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला, त्यात लोकांचे गट पाडले होते. काहींना नोटिफिकेशन्स नेहमीसारखी, काहींना तासातासाने गठ्ठ्याने, काहींना दिवसातून तीनदा गठ्ठ्याने, काहींना अजिबात नाही. दिवसातून तीनदा मिळणाऱ्यांना सगळ्यात बरं वाटलं, लक्ष लागलं, फोन आपल्या ताब्यात आहे असं वाटलं. ज्यांना अजिबात मिळत नव्हती त्यांना हे फायदे फारसे झाले नाहीत, उलट चिंता वाढली आणि आपलं काहीतरी निसटतंय ही भावनाही वाढली. म्हणजे ताई, तुमच्यात काही कमी नाहीये. तुमचं अगदी अपेक्षित तेच झालंय.

जाता जाता डोपामाइनबद्दल. हा शब्द हल्ली कुठेही वापरतात, आनंदाचं रसायन वगैरे. मेंदूचा अभ्यास करणाऱ्या वोल्फ्राम शुल्ट्झने माकडांवर केलेले प्रयोग बघा. फळाचा रस मिळणार याची खूण एकदा ओळखीची झाली की मेंदूतल्या डोपामाइनच्या पेशी रस मिळाल्यावर नाही, खूण दिसल्यावर पेटून उठतात. लाल ठिपका ही ती खूण आहे. आत काय आहे याने फारसा फरक पडत नाही, म्हणूनच ढगांची_शाळा यांना आत काही नसतं हे माहीत असूनही उघडावंसं वाटतं.

खटपट्या
रानजाई, प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, पण मी कबूतर नाही.

मधली_सुट्टी
कबुतरालाही असंच वाटत असणार हो खटपट्याकाका :)

खटपट्या
हा हा, घ्या. तरी माझा मुद्दा सोडत नाही. तुम्ही सगळे म्हणताय तसं डिझाइन वाईट आहे हे मान्य, पण ते सुधारेपर्यंत माणसाने करायचं काय? शेवटी निग्रहच ना.

दीर्घिका
मला थोडं वेगळं सांगायचंय. बंद करा, दूर ठेवा, दिवसातून तीनदाच बघा, हे सगळ्यांना परवडत नाही. माझे वडील आजारी होते तेव्हा आई त्यांच्याजवळ आणि मी दुसऱ्या गावी, मला फोन शांत ठेवणं शक्यच नव्हतं. झालं असं की सतत वाजणाऱ्या फोनची मला इतकी सवय झाली की कान बधिर झाले. एका रात्री आईचे तीन कॉल येऊन गेले आणि मला वाटलं ते नेहमीचंच काहीतरी असेल. वडिलांना रुग्णालयात हलवलं होतं. ते बरे झाले, पण त्या रात्री मला कळलं की ही फालतू नोटिफिकेशन्स नुसती वेळ खात नाहीत, ती खऱ्या हाकेची किंमत घालवतात. लांडगा आला रे आला म्हणणाऱ्या पोराच्या गोष्टीत निदान ओरडणारा एक होता, इथे साठ ॲप ओरडतात.

तेव्हापासून माझ्या फोनवर फक्त चार माणसांना वाजायची परवानगी आहे. बाकी सगळं मुकं. 'व्यत्यय नको' मध्ये निवडक माणसांचे कॉल येऊ देता येतात आणि अनोळखी नंबरवरूनही कुणी लागोपाठ दोनदा केला तर येऊ देता येतो, अँड्रॉइडवर पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा केला तर, आयफोनवर तीन मिनिटांत. ज्यांच्या घरी कुणी आजारी किंवा वयस्कर आहे त्यांनी हे आजच करून ठेवा. घरच्यांनाही सांगून ठेवा की तातडीचं असेल तर मेसेज नाही, फोन, आणि नाही उचलला तर लगेच पुन्हा.

सांजवारा
दीर्घिका, तुमचा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला. फोनवर ती सोय आत्ताच चालू केली.

कवडसा
अवांतर होईल पण मेसेजवरून आठवलं. मला नोटिफिकेशनपेक्षा व्हॉट्सॲपच्या त्या निळ्या खुणांचा जाच जास्त वाटतो. वाचलं आणि उत्तर दिलं नाही म्हणून माझ्या दोन मैत्रिणी रुसून बसल्यात.

ढगांची_शाळा
निळ्या खुणा २०१४ मध्ये आल्या. सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येतात, फक्त मग दुसऱ्याने वाचलं का हे आपल्यालाही दिसत नाही, आणि ग्रुपमध्ये त्या राहतातच.

कवडसा
माहीत आहे, केल्या होत्या बंद. मग 'तू खुणा का बंद केल्यास, काय लपवतेस' यावरून वेगळं भांडण.

रानजाई
हे फारसं अवांतर नाहीये. पूर्वी पत्र आलं तर ते कधी वाचलं हे लिहिणाऱ्याला कळत नसे आणि त्या न कळण्यात दोघांचीही सोय होती. निळ्या खुणेने ती सोय काढून घेतली आणि उत्तर देण्याची घाई आपल्या माणसांच्या तोंडून वदवली. आता तगादा ॲप लावत नाही, मैत्रीण लावते.

कोवळं_ऊन
मी इथे सगळ्यात लहान असेन बहुतेक, कॉलेजला आहे. आमच्यात अजून एक प्रकार आहे, साखळी. एका मित्राबरोबर रोज एकमेकांना काहीतरी पाठवायचं, एक दिवस चुकला की साखळी तुटते आणि आकडा शून्य. ती तुटायला आली की घड्याळाचं चिन्ह येतं. माझी एका मैत्रिणीबरोबर चारशेच्या वर होती. परीक्षेच्या काळात आम्ही दोघी रोज रात्री काळ्या अंधाराचा फोटो पाठवायचो, फक्त आकडा टिकावा म्हणून. एक शब्द बोलायचो नाही. तिला त्या वर्षी घरी खूप त्रास होता आणि चारशे दिवस रोज 'संपर्कात' असून मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. नंतर कळलं तेव्हा मी खूप रडले. आता साखळी नाही, पण दर रविवारी फोनवर बोलतो.

खटपट्याकाका, निग्रह आमच्यात कमी नव्हता हो. चारशे दिवस एकही दिवस न चुकता करणं हा निग्रहच होता की. तो फक्त त्यांच्या कामाला लागला होता.

मधली_सुट्टी
कोवळं_ऊन, किती नेमकं लिहिलंस.

अर्धविराम
हा प्रतिसाद मी माझ्या जुन्या सहकाऱ्यांना पाठवतोय, चालेल ना?

कोवळं_ऊन
हो, चालेल.

तळटीप
कायद्याच्या बाजूने थोडं. युरोपीय संघाचा डिजिटल सेवा कायदा फेब्रुवारी २०२४ पासून पूर्ण लागू आहे आणि माणसाला फसवून किंवा भरीस पाडून निर्णय घ्यायला लावणारी रचना करायची नाही असं त्यात कलमच आहे. त्याच कायद्याखाली २०२४ मध्ये टिकटॉक लाइटची चौकशी सुरू झाली, त्यात व्हिडिओ बघण्याबद्दल बक्षिसाचे गुण मिळायचे. काही महिन्यांतच कंपनीने तो प्रकार युरोपीय संघातून कायमचा काढून घ्यायचं मान्य केलं. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्येच एक कायदा केला, पालकांच्या संमतीशिवाय अल्पवयीन मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत आणि शाळेच्या वेळात नोटिफिकेशन्स पाठवायची नाहीत, त्यावर कोर्टकचेऱ्याही झाल्या. म्हणजे खटपट्या, डिझाइन सुधारेपर्यंत निग्रह हे ठीक, पण ते आपोआप सुधारणार नाही, कुणीतरी मागे लागल्यावरच सुधारतं. धार्मिक प्रवचनासारखं 'मन आवरा' एवढंच सांगत राहिलं तर बनवणाऱ्यांचं बरंच फावतं.

गवतफूल
सहमत. आणि मागे लागणं म्हणजे कोर्टातच जायला हवं असं नाही. मी एका ॲपला लिहिलं होतं की जाहिरातीची आणि डिलिव्हरीची नोटिफिकेशन्स वेगळी करा. तीन महिन्यांनी केली. माझ्यामुळेच केली असं नाही, पण लिहिणाऱ्यांत मी एक होते.

वाटसरू_२
कुणाला फोन खिशात नसतानाही मांडीला थरथर जाणवते का? मला वाटायचं मला काहीतरी आजार झालाय.

रानजाई
आजार नाही, पुष्कळांना होतं. सतत खुणेची वाट बघणारं मन कपड्याच्या सळसळीलाही खूण समजतं. कंपन बंद केलंत की बऱ्याचदा काही आठवड्यांत कमी होतं.

अर्धविराम
चांगलं नोटिफिकेशन कसं असावं यावर लिहायचं राहून गेलं होतं. माझी कसोटी एकच आहे. वाचल्यावर ॲप उघडायची गरज उरते का? 'बस दहा मिनिटं उशिरा येईल', हे वाचलं, काम झालं. 'तुमच्या बसबद्दल महत्त्वाची माहिती', हे वाचून उघडावंच लागतं, आणि उघडलं की माणूस आत अडकतो. पहिलं लिहिणारा निरोप देतोय, दुसरं लिहिणारा निरोप ओलीस ठेवतोय. समाजमाध्यमांवर बघा, 'कुणीतरी तुमचा उल्लेख केला', 'तुमच्या पोस्टवर नवीन प्रतिक्रिया'. कुणी, काय लिहिलं, ते सांगायला काहीच अडचण नसते, जागा असते, माहिती असते. मुद्दाम गाळतात. तुमच्या फोनवर आठवडाभर ही कसोटी लावा आणि जे ॲप सतत नापास होतं ते काढून टाका, त्याची वेबसाइट ब्राउझरमधून उघडा. लॉगिन करायला जे वीस सेकंद लागतात तेवढ्यात बऱ्याचदा कळतं की आपल्याला काही बघायचंच नव्हतं.

खटपट्या
आठवड्याने लिहितोय. कोवळं_ऊन या मुलीचा प्रतिसाद डोक्यात राहिला. मी सांजवारा यांच्यासारखी वही घेऊन रेघा ओढल्या, पण जरा वेगळ्या, फोन वाजला की नाही हे नाही तर मी फोनकडे बघितलं की नाही. मला खात्री होती की मी बघत नाही. दुपारपर्यंत पान भरलं. उचलत नव्हतो हे खरं, पण प्रत्येक वेळी मान वळत होती, आणि सौ.ने सांगितलं की जेवताना ती बोलत असते तेव्हाही वळते, तिने कधी म्हटलं नाही इतकंच. निग्रहाबद्दल मी जे लिहिलं ते पुरं नव्हतं. निग्रह लागतोच, पण तो रोज शंभर वेळा खर्च करण्यापेक्षा एकदा अर्धा तास सेटिंगमध्ये बसून खर्च करावा, असं आता वाटतं. काल बसलो. साठपैकी सात ॲपना परवानगी ठेवली.

दीर्घिका
खटपट्याकाका, तुम्ही परत येऊन हे लिहिलंत याचं फार बरं वाटलं.

सांजवारा
तीन आठवडे झाले, आता माझं सांगते. रानजाईताईंचा 'घंटा काढली आणि दाणा तिथेच ठेवला' हा प्रतिसाद मी लिहून कपाटाच्या दाराला लावलाय.

काय केलं ते असं. माणसांचे थेट मेसेज आणि कॉल पुन्हा चालू केले, आवाजासकट. बाकी सगळं दिवसातून तीन वेळा गठ्ठ्याने, सकाळी साडेआठ, दुपारी एक आणि संध्याकाळी साडेसात. ठिपके सगळे बंद. दोन ॲप काढून टाकली, ब्राउझरमधून बघते. पहिला आठवडा तसाच गेला, हात जायचाच. दुसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की आता आवाज आला नाही म्हणजे खरंच कुणी बोलावलेलं नाही, हे मनाला हळूहळू पटायला लागलंय. आधी सगळं मुकं होतं तेव्हा शांततेचा अर्थच लागत नव्हता, कुणी बोलावलं नाही की बोलावलंय आणि मला कळलं नाही, दोन्ही सारखंच. आता शांतता म्हणजे शांतता. रात्री झोपायच्या आधीची वेळ अजून जड जाते, तेव्हा फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावते आणि साधं गजराचं घड्याळ आणलंय.

लेकीने ती अर्धी राहिलेली गोष्ट पुढे सांगितली. मी विचारली नव्हती, तिनेच काढली.

एकच अडचण उरलीय. शाळेतल्या पालकांचा ग्रुप. तिथे 'उद्या सुट्टी आहे' हे पण येतं आणि त्याच्या आगेमागे चाळीस शुभेच्छा आणि फॉरवर्ड पण येतात. म्यूट केलं तर सुट्टी चुकते, नाही केलं तर दिवसभर वाजतं. यावर कुणाकडे काही आहे का?

पाऊलखूण
आहे. ग्रुपच्या सेटिंगमध्ये 'फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतील' असा पर्याय असतो. वर्गशिक्षकांना सांगून सूचनांसाठी असा एक वेगळा ग्रुप काढायला लावा, तो वाजू दे. गप्पांचा ग्रुप आहे तसा राहू दे आणि कायमचा म्यूट करा, कुणाला वाईटही वाटणार नाही.

सांजवारा
हे सुचलंच नव्हतं. शुक्रवारी पालकसभा आहे, तिथेच सगळ्यांसमोर विचारते.